स्वभावाच्या आधी कामाची वाटणी

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या दोन शास्त्रज्ञांचं एकमेकांशी पटलं नाही, ही हकीकत विज्ञानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. रोझलिंड फ्रँकलिन जानेवारी १९५१ मध्ये तिथे रुजू झाल्या. मॉरिस विल्किन्स आधीपासून तिथे होते, विभागात प्रमुखांच्या खालोखाल त्यांचं स्थान होतं आणि डीएनएवर त्यांचं काम सुरू होतं. फ्रँकलिन तडफदार, बोलायला स्पष्ट, मुद्द्यावरून वाद घालण्यात रमणाऱ्या. विल्किन्स लाजाळू, वाद वाढला की गप्प होणारे, बोलताना नजर दुसरीकडे वळवणारे. अशी दोन माणसं एका प्रयोगशाळेत आली की खटके उडणारच, असं म्हणून बरेच जण हा विषय मिटवतात.

पण विभागप्रमुख जॉन रँडल यांनी डिसेंबर १९५० मध्ये फ्रँकलिनना लिहिलेलं पत्र समोर ठेवलं की या भांडणाचं मूळ वेगळ्याच जागी सापडतं. क्ष-किरणांच्या प्रयोगांचं काम तूर्त तुम्ही आणि रेमंड गॉसलिंग एवढेच पाहाल, असं त्यांनी कळवलं होतं. गॉसलिंग हा पीएचडीचा विद्यार्थी तोवर विल्किन्स यांच्याबरोबर काम करत होता. पत्रातला हा मजकूर विल्किन्सना कुणी सांगितला नाही. फ्रँकलिन आल्या तेव्हा ते सुट्टीवर होते, आणि परतले ते अशा समजुतीत की आपल्या कामाला हातभार लावायला एक तज्ज्ञ आली आहे. फ्रँकलिनना वाटलं, हे गृहस्थ आपल्या कामात ढवळाढवळ करतात. विल्किन्सना वाटलं, या बाई आपलं काम ताब्यात घेतात. ज्याला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावरून पाहिलं तर दोघंही बरोबर होते. त्या पत्राचा उलगडा विल्किन्सना झाला तोवर फ्रँकलिन हयात नव्हत्या.

भांडण हाताबाहेर जायला लागल्यावर रँडल यांनी १९५१ च्या शरद ऋतूत कामाची विभागणी केली. डीएनएचं ‘ए’ रूप फ्रँकलिनकडे, ‘बी’ रूप विल्किन्सकडे. दोघांमधला दुवा म्हणून मधे अडकलेला गॉसलिंग तेवढा उरला. दोघांचं बोलणंच जवळपास बंद झालं, आणि ज्या प्रश्नाला दोघांच्या माहितीची गरज होती तो प्रश्न अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडून राहिला. मे १९५२ मध्ये फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली गॉसलिंगने काढलेलं डीएनएचं प्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्र जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी डीएनएच्या रचनेचाच शोध घेणाऱ्या केंब्रिजच्या जेम्स वॉटसनला दाखवलं, तेही फ्रँकलिनना न सांगता. मार्च १९५३ मध्ये फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजला निघून गेल्या. तिथे त्यांनी विषाणूंच्या रचनेवर गट उभा केला, ॲरन क्लूग यांच्याशी त्यांचं उत्तम जमलं. त्याआधी पॅरिसमध्येही, १९४७ ते १९५० या काळात, त्या सहकाऱ्यांत आनंदाने राहिल्या होत्या. स्वभाव तिन्ही ठिकाणी एकच होता.

सहकाऱ्यांमधल्या बेबनावावर गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन आणि जे अनुभव जमले आहेत त्यांचा आढावा घेताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘त्या दोघांचे स्वभाव जुळत नाहीत’ हे निदान आपण फार लवकर करतो. कोणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, निर्णय कोणाचा, माहिती कोणाला आणि कधी, हे तपासण्याआधीच आपण माणसाच्या मनात शिरतो. शिरलो की सुधारायला हाताशी काहीच उरत नाही, कारण स्वभावाला औषध नाही असं आपणच म्हणत आलो आहोत.

ही घाई का होते याचं उत्तर मानसशास्त्राने बऱ्यापैकी दिलं आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्युबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले. कुठली बाजू मांडायची हे लिहिणाऱ्याला नेमून दिलं होतं, त्याला निवड नव्हती, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांनी लिहिणाऱ्याचं खरं मत निबंधासारखंच असणार असं धरलं. दहा वर्षांनी ली रॉस यांनी या प्रवृत्तीला ‘मूलभूत आरोपण-दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, दिसतो तो माणूस. स्वतःच्या बाबतीत उलट होतं. मी उशिरा फाइल दिली तर साहेबांनी आकडे उशिरा दिले म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने उशिरा दिली तर तो आळशी म्हणून.

इथे भारताशी थेट नातं असलेला एक अभ्यास आहे. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांची तुलना केली. ओळखीच्या माणसाचं चांगलं-वाईट वागणं समजावून सांगताना अमेरिकी प्रौढ त्याच्या अंगच्या गुणांकडे बोट दाखवत, तर म्हैसूरचे प्रौढ परिस्थिती, नाती, जबाबदाऱ्या यांचा उल्लेख बराच जास्त करत. लहान मुलांत हा फरक जवळपास नव्हता, वय वाढेल तसा तो रुंदावत गेला. म्हणजे परिस्थितीकडे पाहण्याची सवय लावता येते, आणि ती आपल्याकडे होती. नातलगाने लग्नात तोंड फिरवलं तर ‘त्याच्या घरी काहीतरी चाललं असेल’ असं म्हणणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. तीच माणसं कार्यालयात आली की सहकाऱ्याला एवढीही सवलत देत नाहीत, हे मला खटकतं. स्पर्धा, बढती आणि गोपनीय अहवाल यांच्या सावलीत ती सवय मागे पडत असावी.

स्वभाव मोजण्याचे प्रयत्न मात्र जोरात आहेत. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्वाधिक दिसते ती मायर्स-ब्रिग्ज चाचणी. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार घेऊन ती तयार केली. माणसं सोळा प्रकारांत विभागली जातात आणि प्रत्येकाला चार अक्षरांचा शिक्का मिळतो. अडचण अशी की काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. याहून भक्कम मानला जातो तो पाच गुणांचा आराखडा, ज्यात बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ या गोष्टी पट्टीवर मोजल्या जातात. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांच्या १९९१ च्या एकत्रित विश्लेषणात वेगवेगळ्या व्यवसायांत कामगिरीशी सातत्याने जुळलेला गुण एकच निघाला, कर्तव्यदक्षता. कोणाचं कोणाशी पटेल याचं भाकीत यातून हाती येत नाही. अशा वर्गाचा फायदा झाला तर तो एवढाच की दोघं तासभर एकत्र बसतात आणि ‘मला विचार करायला वेळ लागतो’ हे एकदा मोकळेपणाने बोलून जातात. तेवढ्यासाठी चाचणीची गरज नाही, आणि शिक्का तर नकोच. शिक्का चिकटला की पुढचं प्रत्येक वागणं त्यात बसवलं जातं.

भांडणांच्या प्रकारांवर केरेन जेन यांचं १९९५ चं काम महत्त्वाचं आहे. कामावरून होणारा मतभेद आणि माणसांवरून होणारी कुरबूर या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मोजल्या. पहिला प्रकार माफक असेल तर गटाला उपयोगी पडू शकतो, विशेषतः काम साचेबंद नसेल तेव्हा. दुसरा मात्र घातक, असा निष्कर्ष निघाला. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो आनंदाने शिकवला गेला. मग २००३ मध्ये कार्स्टन डी ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की दोन्ही प्रकारांचा कामगिरीशी संबंध नकारात्मकच दिसतो. २०१२ मध्ये फ्रँक डी विट, लिंड्रेड ग्रीअर आणि स्वतः जेन यांनी ११६ अभ्यास पाहून चित्र थोडं सावरलं. कामावरचा मतभेद व्यक्तिगत कुरबुरीपासून जिथे वेगळा राहतो तिथे तो तितका नुकसान करत नाही. तो वेगळा कशामुळे राहतो, याचं एक उत्तर टोनी सिमन्स आणि रँडल पीटरसन यांच्या २००० च्या अभ्यासात आहे. वरिष्ठ व्यवस्थापकांच्या ज्या गटांत आपसांत विश्वास होता तिथे मुद्द्यावरचा वाद माणसावर घसरण्याचं प्रमाण कमी होतं. विश्वास नसेल तर ‘हा आकडा चुकला आहे’ या वाक्याचा अर्थ ‘तू नालायक आहेस’ असा लावला जातो.

मराठी वाचकाला याचं उदाहरण परदेशात शोधायला नको. टिळक आणि आगरकर यांच्या मतभेदाची आपली आठवण बहुतेक ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्यापुरती असते, आणि त्याला दोन करारी स्वभावांची जोड दिलेली असते. या दोघांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं ते दोघांच्या कष्टांतून. ‘केसरी’तल्या सामाजिक सुधारणेच्या वादाने आगरकर १८८७ मध्ये तिथून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला, हे खरंच. पण सोसायटीच्या आतला वाद मुख्यतः नियमांचा होता. आजीव सदस्यांनी मोजक्या वेतनावर राहावं आणि सगळा वेळ संस्थेला द्यावा, असं टिळकांचं म्हणणं. ठरलेलं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात माणसाने बाहेर काम केलं, चार पैसे मिळवले तर त्याला आडकाठी नको, असं दुसऱ्या बाजूचं. सुरुवातीचा त्याग हा कायमचा नियम होता की त्या दिवसांची गरज, याबद्दल सभासदांची समजूत एक नव्हती. १८९० मध्ये सोसायटीचेच सदस्य गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा हा प्रश्न पुन्हा उफाळला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी दीर्घ पत्र लिहून राजीनामा दिला.

स्वभावांचा त्यात वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण वेतन, बाहेरचं उत्पन्न आणि वेळ या तीन गोष्टी पहिल्या वर्षी कागदावर येऊन त्यांचा दर काही वर्षांनी फेरविचार ठरला असता, तर हेच दोन स्वभाव आणखी किती काळ एका छताखाली राहिले असते, हा विचार मनातून जात नाही. ध्येयाने एकत्र आलेल्या आपल्या संस्थांत, मग ती शाळा असो, नाट्यसंस्था असो की सहकारी पतपेढी, असे प्रश्न विचारणं कमीपणाचं मानलं जातं. ‘आपल्यात कसले करार’ असं म्हणून सुरू झालेल्या कित्येक कामांची अखेर अबोल्यात झालेली आपण पाहिली आहे.

बेबनाव हाताळण्याच्या विचारात मला आजही सर्वांत ताजी वाटते ती व्यवस्थापन-विचारवंत मेरी पार्कर फॉलेट. १९२५ मधल्या तिच्या मांडणीत भांडण मिटवण्याच्या तीन वाटा आहेत. एकाने दुसऱ्यावर मात करायची, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांना खरोखर काय हवं आहे ते शोधून कुणालाच काही सोडावं न लागेल असा मार्ग काढायचा. तिने दिलेलं उदाहरण अगदी साधं आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका छोट्या खोलीत कुणाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्या माणसाला खोलीत हवा हवी होती, तिला वारा अंगावर नको होता. याच खिडकीबद्दल कुणाचाच आग्रह नव्हता. वातानुकूलन यंत्राच्या तापमानावरून ज्या कार्यालयांत वर्षानुवर्षं दोन तट पडले आहेत तिथे हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. टेबलाची जागा बदलली तर चालेल का, असा.

पुढे १९७४ मध्ये केनेथ थॉमस आणि राल्फ किल्मन यांनी भिडणं, सहकार्य, तडजोड, टाळणं आणि जुळवून घेणं अशा पाच पद्धतींची प्रश्नावली केली. ती उपयुक्त आहे, पण फॉलेटच्या पलीकडे फारसं नेत नाही. टाळण्यालाही जागा असते, एवढं त्यांनी मान्य केलं हे चांगलं. महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या माणसाशी हिशेब चुकता करण्यात शहाणपण नाही.

ज्या व्यवसायांत बेबनावाने जीव जातात तिथे या प्रश्नाकडे अधिक गंभीरपणे पाहिलं गेलं. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलं आणि दहा जण दगावले. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कॅप्टनपर्यंत इंधन संपत आल्याची जाणीव पुरेशा जोराने पोहोचली नाही. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचं, कॅप्टनला टोकण्याचं आणि टोकलेलं ऐकून घेण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. मोठ्या विमानकंपनीतले वैमानिक बरेचदा आदल्या दिवशी एकमेकांना ओळखतही नसतात. त्यांचे स्वभाव जुळवत बसायला वेळ नसतो, म्हणून कोण काय बोलणार, कोणत्या क्रमाने, हे ठरवून ठेवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया यादीत छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, असं एक कलम आहे. रुसलेला भूलतज्ज्ञ आणि चिडका शल्यविशारद यांच्यावर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आपल्या कार्यालयांत आज भांडणाची नवी जागा म्हणजे लिहिलेला संदेश. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगांत ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती, प्रत्यक्षात ओळखण्याचं प्रमाण छापा-काट्याहून थोडंच वर होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलेलं उत्तर कुणाला होकार वाटतं, कुणाला टोमणा. त्यात साहेबांसमोर, चाळीस जणांच्या ग्रुपवर चूक दाखवली की मुद्दा बाजूला राहतो आणि अब्रूचा प्रश्न होतो. चूक दाखवायची तर फोन उचलावा किंवा चहाला न्यावं, हा साधा नियम अनेक भांडणं जन्मालाच येऊ देणार नाही.

भांडण झालंच तर वरिष्ठाने काय करावं? आपल्याकडचे दोन रूढ उपाय म्हणजे दोघांना एकदम केबिनमध्ये बोलावून दम देणं, आणि बदली. पहिल्याने भांडण पोटात जातं. बदलीचं म्हणाल तर महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानंतर सरकारी पदावरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरला आहे, त्यामुळे तीही मनात येईल तेव्हा करता येत नाही, आणि झाली तरी जिची वाटणी अस्पष्ट आहे ती खुर्ची तिथेच राहते. नवा माणूस येतो, वर्षभरात त्याचंही ‘पटत नाही’. एकाच टेबलावर तीन माणसांचं लागोपाठ बिनसलं तर दोष टेबलाचा धरावा. आधी दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि ‘तो कसा आहे’ हे न विचारता ‘काय घडलं, त्यामुळे तुमचं कोणतं काम अडलं’ एवढंच विचारावं. उत्तरं शेजारी ठेवली की बहुतेक वेळा तीच तीन-चार कामं दोन्हीकडे दिसतात. मग एकत्र बसून त्या कामांबद्दल बोलावं. माफी, हस्तांदोलन, गळाभेट यांचा आग्रह धरू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणतीही ढिलाई नको. ‘स्वभाव जुळत नाहीत’ हे शब्द अन्याय झाकायलाही वापरले जातात. बाईने वरिष्ठाच्या वागण्याची तक्रार केली की ‘मॅडम जरा हट्टी आहेत’, जातीवरून टोमणे ऐकणाऱ्याने तोंड उघडलं की ‘तो फार मनाला लावून घेतो’. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणं म्हणजे दुबळ्याला पुन्हा एकदा दाबणं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि समेटाचा मार्ग तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच खुला होतो, तोही पैशाच्या मोबदल्यात नाही. जातीय अपमानासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. व्यवस्थापकाने पहिल्याच भेटीत स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की या दोघांपैकी कुणाच्या हातात दुसऱ्याचं नुकसान करण्याची सत्ता आहे, आणि ती वापरली जाते आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर तो स्वभावांचा विषय राहत नाही.

हे सगळं वगळूनही काही जोड्या उरतात, ज्यांचं खरोखर जमत नाही. एकाला सकाळी आल्याआल्या बोलायला हवं असतं, दुसऱ्याला शांतता. एकाला शेवटच्या दिवशी जोर चढतो, दुसऱ्याची झोप आठवडाभर आधी उडते. मोठ्या कार्यालयात अशांना वेगळ्या कामांवर टाकता येतं आणि टाकावं, त्यात कुणाचा पराभव नाही. पण या विषयावरचं जवळपास सगळं लेखन धरून चालतं की वर कुणी व्यवस्थापक आहे आणि बाजूला आणखी टेबलं आहेत. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत यातलं काहीच नसतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. वाडीवरची शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार. पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, आणि या सगळ्यात शिकवणं. त्या दोघांत धुसफुस सुरू झाली की मधे पडायला तिसरा माणूस नाही, आणि चार वर्गांतल्या मुलांना ती दुसऱ्या दिवशी कळते.

तिथे कागदाशिवाय गत्यंतर नाही, असं मला वाटतं. जूनमध्ये शाळा उघडताना कोणते वर्ग कुणाचे, कोणती नोंदवही कुणाची, एकाच्या रजेच्या दिवशी दुसऱ्याने काय सांभाळायचं, हे लिहावं, त्यावर दोघांनी सह्या कराव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पुन्हा उघडून पाहावं. केंद्रप्रमुख भेटीला येतात तेव्हा पट, हजेरी, आहाराच्या नोंदी पाहतात. त्याच भेटीत हा कागद मागून घेणं आणि दोघांशी वेगवेगळं दहा मिनिटं बोलणं यासाठी नवी योजना लागत नाही, निधीही लागत नाही, आणि ते येत्या जूनपासून करता येईल.